कोंडाजी सरांचा गुडघा

पिंपरीच्या कामगार वसाहतीत कोंडाजी बोराट्याचा उजवा गुडघा सगळ्यांच्या ओळखीचा होता. खाकी अर्ध्या चड्डीखाली ताणून चढवलेला तपकिरी पट्टा लांबूनच दिसायचा. त्याच्या वर शिट्टी, शिट्टीच्या वर मिशी आणि मिशीच्या वर कपाळाला कायमची पडलेली आठी. मुली त्याला सर म्हणत आणि त्यांचे वडील, जे दिवसभर त्याच्याच शेजारच्या मशीनवर काम करत, तेही संध्याकाळी मैदानापाशी आले की जरा सावरून उभे राहत.

गुडघ्याची गोष्ट दर वर्षी नव्या मुली आल्या की पहिल्याच दिवशी सांगितली जाई. त्रेसष्ट साल, कबड्डीचा अंतिम सामना, मोशीचा संघ एका गुणाने मागे आणि शेवटची चढाई कोंडाजीची. समोरच्या गड्यांनी त्याला धरलं, अंगावर कोसळले, गुडघा काडकन वाजला. पण पठ्ठ्याने दम सोडला नाही. तसाच सरपटत आला आणि मधल्या रेषेला बोट टेकवलं. पहिल्या वर्षी अंगावर कोसळणारे गडी तीन होते. पुढच्या वर्षी पाच झाले. शहात्तर सालापासून ते सात झाले आणि सातावरच थांबले, कारण कबड्डीच्या संघात त्याहून जास्त माणसं मैदानात उतरवता येत नाहीत.

गोष्टीची मोठी सोय अशी होती की वसाहतीतल्या कुणीही तो सामना पाहिलेला नव्हता. कुणी साताऱ्याकडचं, कुणी लातूरकडचं, कुणी कोकणातलं. कंपनीचा भोंगा वाजायला लागल्यावर गोळा झालेली ही वस्ती. इथे माणूस सांगेल तेच त्याचं मागचं आयुष्य. मोशी तशी फार लांब नव्हती, सायकलीवर जाता येई, पण मोशीच्या लोकांना मुलींची कबड्डी बघायला पिंपरीपर्यंत यायला सवड कुठली?

आता त्या दिवशी खरं काय झालं ते. शेवटची चढाई कोंडाजीची होती, एवढं खरं. तो मधल्या रेषेपाशी गेला. बैलगाड्यांवर उभं राहून माणसं ओरडत होती. त्याने रेषा ओलांडली, तोंड उघडलं आणि घशातून आवाजच आला नाही. ‘कबड्डी’ या शब्दातला ‘क’ सुद्धा नाही. जीभ टाळ्याला चिकटून बसली. तो तसाच मुक्याने समोरच्यांच्या अंगणात उभा राहिला. पंचांनी शिट्टी फुंकली आणि एकाही माणसाचं बोट न लागता कोंडाजी बोराटे बाद झाला. लोक धावून आले, तेव्हा तो गुडघा धरून खाली बसला. ठरवून केलं असं नाही. हात कुठेतरी न्यायला हवा होता, त्याला गुडघा सापडला.

त्या संध्याकाळी बांधलेला पट्टा मग सोडता येईना. आज सोडला तर कालचं काय, असा प्रश्न रोज पडे. बायको चिमाबाई पट्टा धुवून दोरीवर वाळत घाली आणि काही विचारत नसे.

कंपनीत कोंडाजी मशीन शॉपला होता. अण्णासाहेब नावाचे कामगार कल्याण अधिकारी होते. शेजारच्या कंपनीने मुलींचा संघ काढला म्हणून त्यांनीही काढायचं ठरवलं, आणि शिकवायला कोण याची चौकशी करताना त्यांना गुडघा सापडला. कोंडाजीची रात्रपाळी सुटली, हा फायदा झालाच. पण खरा फायदा वेगळा होता. फाटकाच्या आत तो ‘ए बोराटे’ होता. फाटकाबाहेर, पाण्याच्या टाकीमागच्या त्या चौकोनी मैदानावर, तो ‘सर’ होता. ती हाक गेली असती तर त्याच्याजवळ काय उरलं असतं, हा विचार तो करत नसे. मनात आलाच तर तो जोरात शिट्टी वाजवी.

मैदानावर नियम एकच. ‘भीती’ हा शब्द काढायचा नाही. जी काढेल तिने टाकीला फेऱ्या मारायच्या.

“भीती म्हणजे काय? डिसिप्लिन नाही म्हणजे भीती!” तो गरजे. मैदानावर तो पुस्तकी मराठी बोले, मध्ये इंग्रजी शब्द पेरी. मोशीची बोली तो सायकलीबरोबर कुंपणाला टेकवून आत येई.

या नियमाला मैदानावर एकच अपवाद होता, आणि तो करंजाच्या झाडाखाली बसे. सुमनताई. बी. ए. झालेल्या, नवरा कंपनीच्या ऑफिसात, मुलगी इंद्रायणी संघात. इंद्रायणी चढाईला निघाली की सुमनताई अर्ध्या उठत आणि ती परत आली की बसत. त्यांच्या पिशवीत आयोडीन, कापूस, ग्लुकोज, जास्तीचे मोजे आणि हळद असे. एकदा थर्मामीटरही निघालं.

“ताई, भीती घरी ठेवून येत जा,” कोंडाजी त्यांना ऐकवी.

“घरी कुणी नसतं हो सर. एकटी कशी ठेवू?” त्या म्हणत आणि डोळे मैदानावरच ठेवत.

कोंडाजीला या बाईचा राग येई. इतक्या उघडपणे घाबरायचं, तेही चारचौघांत, आणि त्याची लाज नाही! कधीकधी त्याला तिचा हेवाही वाटे, पण हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली अण्णासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर काच होती, काचेखाली देवाचा फोटो.

“बोराटे, चार वर्षं झाली. कप कुठे आहे?”

“येतोय साहेब. यंदा शंभर टक्के.”

“यंदा नाही आला तर एक डिप्लोमावाला माणूस बघून ठेवलाय. ट्रॅकसूट घालतो. तुम्ही मग परत फिरत्या शिफ्टला.”

कोंडाजीने सलाम ठोकला. त्या संध्याकाळी त्याची शिट्टी नेहमीपेक्षा जास्त वाजली.

संघ तसा चांगला होता. पकडीला कस्तुरा होती. पिंपरी गावातल्या जुन्या शेतकऱ्याची मुलगी, तोंडाने फटकळ. तिने घोटा धरला की सुटत नसे. आणि चढाईला इंद्रायणी. सडपातळ, पाय पाण्यातल्या मासळीसारखे. कप येणार असेल तर तिच्यामुळेच येणार होता.

उपांत्य सामन्यात ती मधल्या रेषेपाशी गेली आणि थांबली. ओठ हलले. आवाज नाही. पंचांनी तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदा तेच. कस्तुराच्या पकडींवर सामना कसाबसा जिंकला, पण कोंडाजीने जे पाहायचं ते पाहिलं. ती मुलगी हाताने काहीतरी शोधत होती. पदर नाही, ओढणी नाही, हाताला काहीच लागेना. शेवटी तिने कोपर धरलं.

तिने तो शब्द काढला नसला तरी नियमाच्या हिशेबाने तिला टाकीला पळवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कोंडाजीने तिला पळवलंही. ती पळत असताना सुमनताई उठून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“सर, ती सामन्याच्या दिवशी जेवत नाही. सकाळी उलटी होते. मला वाटायचं ती समोरच्या संघाला भिते.”

“मग?”

“काल विचारलं. म्हणाली, सरांना कळेल की मला भीती वाटते, याची भीती वाटते.”

कोंडाजीने आठी घट्ट केली. “पोरीला तुम्हीच बिघडवलंय ताई. तुमच्या पिशवीने.”

“असेल,” सुमनताई म्हणाल्या. “पण पिशवी तिला दिसते तरी. तुमच्या पिशवीत काय आहे ते कुणाला दिसतं?”

त्या झाडाखाली जाऊन बसल्या. कोंडाजी पट्टा वर ओढत राहिला.

अंतिम सामना खडकीच्या संघाशी होता. पहिल्या डावात इंद्रायणीने तीन चढाया केल्या आणि तिन्ही वेळा पंचांनी कानाला हात लावून दाखवला, ऐकू येत नाही म्हणून. मध्यंतर झालं तेव्हा संघ बराच मागे होता. पत्र्याच्या शेडमागे मुली लिंबाच्या फोडी चोखत बसल्या. इंद्रायणी भिंतीकडे तोंड करून उभी. अण्णासाहेब शेडच्या पलीकडे खुर्चीवर बसले होते, ते कुणाला दिसत नव्हते.

कोंडाजीने ‘डिसिप्लिन’ म्हणायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. पंधरा वर्षांपूर्वीची ती जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली होती. मग जे बाहेर पडलं ते कुंपणाला टेकवलेल्या सायकलीवरचं होतं.

“पोरीहो, माझा गुडगा मोडला न्हाई कंदी.”

लिंबाच्या फोडी थांबल्या.

“त्या दिवशी माझ्या अंगावर कुनी पडलं न्हाई. दमच निघंना. ‘क’ बी न्हाई. भ्यालो मी. लोकं काय म्हनतील म्हनून गुडगा धरून बसलो. हे इंद्रायणीला झालंय ना, ते मला झालंय. अजून व्हतं. आत्ता व्हतंय.”

आता आभाळ कोसळणार, मुली उठून जाणार, ‘सर’ संपणार, अशा तयारीने तो उभा राहिला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

“गुडग्याचं आमाला ठावं हाय की सर,” कस्तुरा म्हणाली.

“काय ठावं हाय?”

“पट्टा वला असला की तुमी गडबडीत कंदी डाव्या पायात घालता, कंदी उजव्या. आन ज्या पायात पट्टा, त्याच पायानं लंगडता.”

“कंदीपासनं ठावं हाय?”

“पयल्या वर्सापासनं. आमी पैज लावतो ना सर, आज कंचा पाय म्हनून. जी हरती तिनं समद्यांचं पानी भरायचं.”

एकीला हसू फुटलं. मग दुसरीला. कोंडाजी आधी रागावला, कारण इतकी वर्षं जपलेली गोष्ट इतक्या स्वस्तात जाताना पाहून कुणालाही राग येईल. आणि मग भिंतीकडून एक विचित्र आवाज आला. इंद्रायणी हसत होती, खोकत, नाक पुसत.

“सर, आज मी डावा सांगितला होता,” ती म्हणाली.

तिने खाली पाहिलं. पट्टा उजव्या पायात होता. तिने सगळ्यांचं पाणी भरलं आणि मैदानात गेली.

दुसऱ्या डावात तिचा आवाज आला. फार मोठा नाही, जरा चिरकाच, पण पंचांनी कानाला हात लावला नाही. गुणामागून गुण आले. करंजाचं झाड इथे नव्हतं म्हणून सुमनताई खांबाला धरून उठत-बसत होत्या. शेवटी संघ एका गुणाने हरला. मुली रडल्या आणि मग वडापाव खायला गेल्या.

कोंडाजी मनाने शिफ्टला पोचला होता. पण दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी त्याला चहा दिला. नुकताच त्यांनी मुंबईला जाऊन माणसं कशी हाताळावीत यावरचा कसलासा अभ्यासक्रम केला होता, आणि शेडच्या पलीकडून ऐकलेल्या बोलण्यात त्यांना तो अभ्यासक्रम सगळा सापडला होता.

“बोराटे, काय बोललात तुम्ही! माझ्या अंगावर काटा आला. हे सुपरवायझर लोकांना ऐकवलं पाहिजे.”

“साहेब, ते आपलं निघून गेलं तोंडातनं.”

“तसंच निघू द्या. डिप्लोमावाल्याला थांबवतो मी.”

आणि अशा रीतीने कोंडाजीचा खरेपणा कंपनीच्या कामी आला. आधी मशीन शॉप, मग पेंट शॉप, मग ऑफिसातले लोक. फलकावर खडूने लिहिलेलं असे: ‘भीतीशी मैत्री, वक्ते श्री. कोंडाजी बोराटे’. पहिल्यांदा तो अडखळत बोलला आणि दोन फोरमन रुमाल शोधायला लागले. दुसऱ्यांदा कुठे अडखळायचं ते त्याला ठाऊक झालं होतं. अण्णासाहेब बारीकसारीक सुचवत. “रुमाल आधीपासून हातात नको, बोराटे. खिशातून काढा. आणि मोशीची भाषा राहू द्या, ती चांगली वाटते.”

गोष्टही हळूहळू भरत गेली. आधी फक्त दम निघाला नव्हता. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या कंपनीने बोलावलं तोवर कोंडाजी त्या मैदानात चक्कर येऊन पडू लागला होता, आणि म्हातारी आई गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे येऊ लागली होती. वास्तविक त्याची आई त्या दिवशी शेतावर होती. मैदानावर तो आता कमी गरजे, पण येईही कमी. भाषणं असत.

“सर, आमाला भीती वाटती,” कस्तुरा एकदा म्हणाली. बोलायला आता बंदी नव्हती.

“कशाची?”

“तुमी परत गुडगा बांधलाय याची.”

त्याने खाली पाहिलं. दोन्ही पाय उघडे होते. पट्टा घरी खिळ्याला होता. मग त्याला तिचं म्हणणं समजलं आणि त्याने जोरात शिट्टी वाजवली.

कंपनीच्या वार्षिक समारंभाला मुंबईहून मोठे साहेब आले. मांडव, लाल गालिचा, गुलाबपाणी. मुली पुढच्या रांगेत बसवल्या होत्या, कारण त्या भाषणाचा पुरावा होत्या. कोंडाजी माइकसमोर आला. “मित्रहो, माझा गुडगा मोडला न्हाई कंदी,” त्याने सुरुवात केली. सभेत हवी तशी शांतता पसरली. तेवढ्यात त्याची नजर इंद्रायणीवर गेली. तिचे ओठ हलत होते. ती त्याच्याबरोबर, शब्दाला शब्द लावून, त्याचं भाषण म्हणत होती. टिंगल नव्हती. शाळेतली कविता ऐकताना आपण म्हणतो तसं. जिथे त्याचा आवाज फुटायचा तिथे तिनेही श्वास घेतला, त्याच्या आधी.

कोंडाजी थांबला. रुमालासाठी खिशाकडे निघालेला हात तिथेच राहिला. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, चांगलं घासूनपुसून ठेवलेलं, पण ते त्याला म्हणवेना. आणि दुसरं काही सुचेना. जीभ टाळ्याला चिकटली, ती पुन्हा खरोखरची. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. मागून कुणीतरी टाळी वाजवून पाहिली. कोंडाजीने नमस्कार केला आणि तो खाली उतरला.

“नाक कापलंत माझं,” मांडवामागे अण्णासाहेब म्हणाले. “एवढं छान पाठ होतं तुमचं!”

“व्हय साहेब,” कोंडाजी म्हणाला. “त्याचंच झालं.”

डिप्लोमावाल्याला पत्र गेलं. पहिल्या तारखेपासून तो येणार होता.

शेवटच्या संध्याकाळी कोंडाजी मैदानावर आला तो पट्टा हातात घेऊन. त्याने तो कस्तुराला दिला. “पानी भरायची पैज लावायला ठेवा,” म्हणाला. मग निरोपाचं काही बोलावं म्हणून उभा राहिला, तर कस्तुराच म्हणाली, “सर, इतकी वर्सं झाली, तुमी चढाई कंदी करून दावली न्हाई.”

“गुडगा...” त्याच्या तोंडून सवयीने निघालं, आणि सगळ्या हसल्या, तोही हसला.

त्याने चपला काढल्या. मधल्या रेषेपाशी जाऊन उभा राहिला. पोट सुटलेलं, पाय पांढुरके. समोर सात मुली साखळी धरून. करंजाखाली सुमनताई अर्ध्या उठल्या. इंद्रायणी समोरून म्हणाली, “सर, सावकाश. ‘क’ आला की बाकीचं येतं.”

‘क’ यायला वेळ लागला. आला तो फाटक्या भोंग्यासारखा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. कोंडाजी आत घुसला. त्यानेच या मुलींना शिकवलं होतं की समोर कोण आहे ते बघायचं नाही, घोटा बघायचा. त्या चांगलं शिकल्या होत्या. कस्तुराने घोटा धरला, इंद्रायणीने कंबर, आणि मग सातही जणी त्याच्या अंगावर कोसळल्या. काडकन आवाज झाला. तरी ढिगाखालून ‘कबड्डी, कबड्डी’ ऐकू येत होतं, बारीक, पण स्पष्ट. कोंडाजीने हात लांबवला. रेषा बरीच दूर राहिली.

गुडघा खरोखरच गेला. डावा.

आयोडीन, कापूस आणि हळद यांचा त्या पिशवीतून इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सगळा उपयोग झाला. थर्मामीटरही सुमनताईंनी लावून पाहिलं.

शिफ्टवर लंगडत गेल्यावर मशीन शॉपमध्ये विचारपूस झाली.

“काय राव कोंडाजी, हे काय?”

“कबड्डी खेळताना सात जन अंगावर पडले. पन दम सोडला न्हाई मी.”

“बास की आता!” शेजारच्या मशीनवरचा आबाजी म्हणाला. “आणि पाय तरी नीट धर. तुझा तो उजवा होता.”

कोंडाजीने मशीन चालू केलं.

नव्या सरांचा ट्रॅकसूट निळा होता. ते मुलींना रांगेत उभं करून श्वासाचे व्यायाम शिकवत. कोंडाजी पाळी सुटली की येई आणि करंजाखाली, सुमनताईंपासून हातभर अंतरावर, पाय लांब करून बसे. इंद्रायणी चढाईला निघाली की तोही अर्धा उठे, मग पाय दुखला म्हणून बसे.

“ताई, पडंल का हो पोरगी?” एकदा न राहवून त्याने विचारलं. “जीव नुसता टांगनीला लागतो.”

“भीती घरी ठेवून यायची, सर.”

“घरी चिमाबाई हाय. ती म्हनती, घेऊन जा तुमची तुमी.”

सुमनताईंनी पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला, आधी स्वतः चिमूटभर घेतलं आणि मग डबा त्याच्याकडे सरकवला. मैदानावर इंद्रायणी रेषेपाशी थांबली, घसा खाकरला आणि आत गेली.